पावाहून चांगला, पण दूध वाईट

मी नांदेडात स्पॅनिश शिकवते. हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा म्हटलंय, की समोरच्याचा चेहरा कसा होणार हे मला आधीच ठाऊक असतं. क्लासची पाटी रंगवून लावली त्याच आठवड्यात एक गृहस्थ जिना चढून वर आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, पेंटरनं घोळ केलाय. स्पोकन इंग्लिशचं त्यानं स्पॅनिश करून ठेवलंय."

मी म्हटलं, "बरोबर आहे ते. स्पॅनिशच."

त्यांनी जरा विचार केला. "बरं. मंग ह्यात मुलाखतीची तयारीपण होते का?"

त्यांचा दोष नाही. मी स्वतः तरी कुठे ठरवून इकडे आले होते? हैदराबादला कॉलेजात फ्रेंचच्या जागा भरल्या होत्या. खिडकीतल्या क्लार्कने फॉर्मवर फ्रेंच खोडून स्पॅनिश लिहिलं आणि म्हणाला, "लिपी तीच आहे, काय फरक पडतो?" लग्नानंतर नवऱ्याची बदली नांदेडला झाली, तेव्हा भांड्यांच्या पेट्यांसोबत ही भाषाही आली. सासूबाईंनी विचारलं, "इथं ह्या भाषेत बोलणार कोण तुझ्याशी?" प्रश्न चोख होता. पहिली दोन वर्षं उत्तर होतं, कोणी नाही. मी कणीक मळताना क्रियापदं चालवायची आणि सासूबाई देवघरातून विचारायच्या, "कोणतं स्तोत्र गं हे?"

मग हळूहळू विद्यार्थी आले. परदेशी जाणाऱ्या नर्स, कंपनीने स्पेनला पाठवलेले इंजिनीयर, कधी स्पेनहून गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेलं एखादं कुटुंब, ज्यांना डॉक्टरकडे दुभाषी हवा असायचा. शिकवणं आणि दुभाषेपण, ही माझ्या धंद्याची दोन अंगं. पहिल्यात बोलायला लावायचं, दुसऱ्यात आपण गप्प असल्यासारखं बोलायचं. दुभाष्याचा नियम साधा आहे. माणूस 'मी' म्हणाला तर आपणही 'मी' म्हणायचं, पदरचं घालायचं नाही, त्याचं गाळायचं नाही. नियम सांगायला सोपा. पण भाषेतली माणसं शब्दाला शब्द लावून बोलत नाहीत, आणि हे मला माझ्याच एका विद्यार्थिनीने शिकवलं.

रेखा उमरीची. नर्सिंग झालेली, हुशार, व्याकरणात एक चूक सापडायची नाही. स्पेनमधल्या एका वृद्धाश्रमात तिला नोकरी लागली तेव्हा मी क्लासभर पेढे वाटले. महिनाभराने तिचा फोन आला. आवाज रडवेला.

"मॅडम, इथं सगळे मला हसून राहिले."

तिच्याकडे नव्वदीचे एक आजोबा होते. ते तिला म्हणाले, "पोरी, मी आता लवकरच पाय ताणणार." एस्तिरार ला पाता. रेखाने लगबगीने उशी आणली, त्यांचा पाय उशीवर ठेवला, तेल कोमट करून आणलं आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत छान चोळून दिलं. म्हणाली, "आता ताणा, आजोबा." आजोबा हसता हसता खोकायला लागले. शेजारच्या खाटेवरची म्हातारी हसली, स्वयंपाकघरातून माणसं बघायला आली.

स्पॅनिशमध्ये पाय ताणणं म्हणजे मरणं.

मीही हसले. फोन ठेवला आणि मग मला कसंसंच झालं. दोन वर्षं मी त्या मुलीकडून अनियमित क्रियापदं घोटून घेतली होती. ज्या घरात माणसं मरणाच्या गोष्टी चेष्टेने बोलतात, त्या घरात तिला मी एक चेष्टेचा शब्दही न देता पाठवलं होतं.

पुढे त्या दोघांचा खेळच झाला. संध्याकाळी ड्यूटी संपताना ती विचारायची, "आज पाय ताणणार का?" आजोबा म्हणायचे, "आज नको, उद्या सूप चांगलं आहे." हिवाळाभर असं चाललं. मग एका दुपारी मी वह्या तपासत असताना तिचा फोन आला. "मॅडम," ती मराठीतच म्हणाली, "आजोबांनी पाय ताणले हो." आणि हसता हसता रडायला लागली. कोणत्याही परीक्षेत मोजता येणार नाही एवढं स्पॅनिश तिला आलं होतं.

त्या दिवसापासून माझ्या क्लासची शेवटची पंधरा मिनिटं अशा बोलण्याला राखून ठेवली. जो फार बडबड करतो तो कोपरांनी बोलतो. चूक केली तर पाय आत घातला. सोपं काम म्हणजे खाल्लेला पाव. वेडा माणूस शेळीसारखा. पोरं ही पंधरा मिनिटं कधी चुकवायची नाहीत. त्यातलीच एक राजश्री, उदगीरची. कॉम्प्युटर इंजिनीयर. क्लास करून ती व्हॅलेन्सियाला नोकरीला गेली.

ती गेल्यावर तीनेक वर्षांनी, एका रविवारी सकाळी, पांढरं धोतर, टोपी आणि कपाळावर भस्म अशा वेशातले एक साठीचे गृहस्थ जिना चढून आले. बसले नाहीत.

"राजश्रीला तुम्हीच शिकवलं न्हवं?"

मी अभिमानाने हो म्हटलं.

"मी तिचा बाप. मन्मथअप्पा. तिनं तिथलाच पोरगा बघून ठेवलाय." ते खुर्चीवर बसले. "आता मलाबी शिकवा."

त्यांचं उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत दुकान, गावाकडे मळा, मळ्यात देवणी गाई. राजश्रीने हावियेर नावाच्या मुलाबद्दल सांगितलं तेव्हापासून चार महिने ते लेकीशी बोलले नव्हते. पण नाही म्हणूनही टाकलं नव्हतं. त्यांनी बायकोकरवी अट घातली होती. "पोराला काय बघायचं, मॅडम? लग्नाआधी पोरगा गोडच बोलतो. त्याच्या आईला बघायचं. ती येणार हाय चार महिन्यांनी. तिला तिची भाषा सोडून काई येत न्हाई."

"राजश्री असेल की सांगायला."

"हाव. आन् ती तिच्या बाजूनं सांगंल." ते माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी मधी बसायचं. पण तुमी बी तिच्याच मॅडम. म्हणून मला सोताला थोडं कळलं पायजे."

म्हणजे आधी गुन्हेगार मी, मग साक्षीदार मी, आणि माझ्यावर नजर ठेवायलाही मीच शिकवायचं. असा विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही.

मोंढा रविवारी बंद. अप्पा दर रविवारी सकाळच्या एसटीने यायचे, दोनशेपानी वही घेऊन. व्याकरणाशी त्यांचं जमलं नाही. पण शब्द ते धान्यासारखे मुठीत घेऊन बघायचे. साखरेला असूकार म्हणतात म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, म्हणजे ओळखीचं निघालं. कोणाचं नाव घ्यायचं नसेल तर स्पॅनिश माणूस म्हणतो 'फुलानो'. अप्पांनी वही मिटली.

"फुलानो? म्हंजे आपला फलाणा?"

"तोच. अरबी शब्द. अरब तिकडे शेकडो वर्षं होते. तिकडे त्यांच्यासोबत गेला, इकडे उर्दूतून आला."

"आन् तुम्ही इतके रविवार सांगितलं न्हाई मला!" त्या दिवशी ते असे खूश होते, जणू व्हॅलेन्सियात त्यांना चुलत्याचं घर सापडलं. पुढच्या रविवारी मी त्यांना 'ओहाला' दिला. देव करो आणि तसं होवो, असा अर्थ, आणि त्यात अल्ला लपलेला. मोंढ्यातले त्यांचे जुने दोस्त करीमभाई ह्यांना त्यांनी तो ऐकवला. करीमभाईंनी उच्चार सुधारून परत पाठवला.

सगळंच पटायचं असं नाही. नवरा किंवा बायको म्हणजे 'मेदिया नारांखा', अर्धं संत्रं, हे त्यांना मान्य नव्हतं. "अर्धं संत्रं? वाळून जाईल की ते." कोपरांनी बोलणारा माणूस मात्र लगेच पटला. "आमच्या घरी हाय एक," म्हणाले. मला वाटलं बायकोबद्दल बोलतायत. ते थांबून म्हणाले, "राजी. फोनवर दीड-दीड तास. आता सहा महिने झाले, बंद." आणि पान उलटलं.

चार महिन्यांनी राजश्री हावियेरच्या आईला, पिलारबाईंना, घेऊन उदगीरला आली. मी सकाळीच पोचले होते. पिलारबाई गाडीतून उतरल्या. रुंद खांद्यांच्या, आखूड केसांच्या, हात कामाचे. नवरा लवकर गेल्यावर त्यांनी गावातली बेकरी एकटीने चालवली होती आणि मुलाला वाढवलं होतं. राजश्रीने शिकवलं होतं तसं त्यांनी हात जोडून, ह्या घरच्या लिंगायत रिवाजाने, "शरणार्थ" म्हटलं. अप्पांच्या बायकोने, महादेवीअव्वांनी, दारातच त्यांचा हात धरला तो आत नेईपर्यंत सोडला नाही.

बैठक बसली. अप्पा एका बाजूला, पिलारबाई समोर, मी मध्ये, राजश्री भिंतीला टेकून. अव्वा स्वयंपाकघराच्या दारात. सुरुवातीचं सगळं सुरळीत झालं. प्रवास, ऊन, गाई. मग अप्पांनी घसा साफ केला आणि विचारलं, "तुमचा मुलगा कसा हाय? आई म्हणून न्हाई. माणूस म्हणून सांगा."

मी प्रश्न तसाच पोचवला. पिलारबाईंनी थोडा विचार केला आणि एका दमात म्हणाल्या, "एस मास ब्वेनो के एल पान, पेरो तिएने माला लेचे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अप्पांनी हात वर केला. चेहरा उजळलेला. "थांबा मॅडम! मला कळलं. पान म्हंजे पाव. लेचे म्हंजे दूध. भूक लागली त्यांना!" आणि आत वळून ओरडले, "अगं, दूध आण! पाव हाय का घरात?"

अव्वांनी दारातून फक्त 'पान' ऐकलं होतं. त्या विड्याचं तबक घेऊन आल्या, मग अप्पांचं ऐकून परत गेल्या, आणि दुधाने काठोकाठ भरलेला पेला घेऊन आल्या. पिलारबाईंपुढे एकीकडे विडा, एकीकडे दूध. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अप्पांकडे बघितलं. अप्पांचा चेहरा हळूहळू बदलत होता. वहीची पानं त्यांच्या डोळ्यांपुढून जाताना मला दिसत होती.

"मॅडम," ते म्हणाले, "माला म्हंजे वाईट. न्हवं?"

"हो, पण अप्पा—"

"वाईट दूध?" आवाज चढला. "देवणी गाईचं दूध हाय हे. त्यांनी तर तोंडबी लावलं न्हाई अजून!"

राजश्री पुढे झाली. "अप्पा, तसं नाही. त्या म्हणतायत की तो लई साधा आहे, बस." आणि तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. परीक्षेत उत्तर आठवलं नाही की मुलं अशीच बघतात.

"तू न्हाई," अप्पा तिच्याकडे न बघता म्हणाले. "मॅडम, तुमी सांगा. काय म्हणाल्या त्या?"

खरं सांगते, मला सोपं होतं. 'तो साधा आहे, थोडा हट्टी आहे' एवढं म्हटलं असतं तर लग्न जमलं असतं, विद्यार्थिनी सुखी, दूध थंड व्हायच्या आत सगळं आटोपलं असतं. कोणाला कळणार होतं? त्या खोलीत दोन्ही भाषा येणारी माणसं दोन, आणि दुसरी माझ्याच बाजूची. पण अप्पा चार महिने एसटीने आले होते ते ह्याच एका क्षणासाठी. आणि समोर बसलेल्या बाईने आपल्या मुलाबद्दल जे सांगितलं होतं, ते सांगायला तिलाही सोपं गेलं नसणार. ते गिळायचा अधिकार मला कोणी दिला?

मी म्हटलं, "दुधाचा संबंध नाही अप्पा, ती बोलायची पद्धत आहे. त्या म्हणाल्या, माझा मुलगा पावाहून चांगला आहे, म्हणजे मनाने अगदी निर्मळ. पण डोक्याने तापट आहे. फार तापट."

राजश्रीने डोळे मिटून घेतले. पिलारबाईंना काय चाललंय ते कळलं असावं. त्यांनी दुधाचा पेला उचलला आणि एका दमात संपवला. ओठांवर पांढरी मिशी उमटली. कोणी हसलं नाही.

"विचारा त्यांना," अप्पा म्हणाले, "राग आला की काय करतो?"

पिलारबाई सांगत गेल्या, मी 'मी' म्हणून सांगत गेले. "दार आपटून बाहेर जातो. तासभर चालतो. परत येतो, पण दुसऱ्या दिवसापर्यंत बोलत नाही. त्याचे वडील तसेच होते. हात मात्र त्याने कधी कोणावर उचलला नाही. उचलला तर आधी माझ्याशी गाठ आहे, हे तुमच्या मुलीलाही सांगून ठेवलंय. मला वाटलं, हे तुम्हाला लग्नानंतर कळण्यापेक्षा आज माझ्याकडून कळावं."

बोलल्या त्या अव्वा, दारातून. "एक दिवस बोलत न्हाई व्हय? मंग लई बरा म्हणायचा." त्यांनी पदर सावरला. "आमच्या घरातलं माणूस आठ महिने बोललं न्हाई."

आता हे भाषांतर करायचं की नाही? मी नियम पाळला. पिलारबाईंनी अप्पांकडे बघितलं, मग अव्वांकडे, आणि दोघी बायका एकदमच हसायला लागल्या. अव्वांना तर भिंत धरावी लागली.

अप्पा हसले नाहीत. ते पहिल्यांदाच राजश्रीकडे वळले.

"तुला म्हाईत होतं, तो तापट हाय ते?"

"हाव, अप्पा."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही बोलतच नव्हता ना."

अप्पांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. मग मला म्हणाले, "त्यांना सांगा मॅडम. मी आजवर लई स्थळं बघितली. माझ्या भावाच्या पोरी, बहिणीच्या पोरी. आपल्या पोराचा दोष तोंडावर सांगणारी आई मी पहिल्यांदा बघितली. अशा घरात पोरगी द्यायला हरकत न्हाई." आणि जरा थांबून, "आन् दूध कसं लागलं ते बी विचारा."

जेवणं झाल्यावर आपल्याकडे माणसं हात धुवायला उठतात. पिलारबाई उठल्या नाहीत. जेवण संपल्यावर ताटापाशी बसून गप्पा मारायच्या, ह्याला त्यांच्याकडे 'सोब्रेमेसा' असा खास शब्द आहे आणि ते जेवणाइतकंच महत्त्वाचं असतं. मी सांगितल्यावर अप्पाही खाली बसले. हातावरचं उष्टं वाळून पापुद्रा झाला तरी कोणी उठेना. राजश्री कोपरांनी बोलत होती, वडिलांशी, आठ महिन्यांचं एकदम. त्यातलं काही मला भाषांतर करावं लागलं नाही आणि मी ते मुद्दाम ऐकलंही नाही.

चार दिवसांनी अप्पांचा फोन आला. राजश्री आणि पिलारबाई नांदेडहून रेल्वेने निघणार होत्या. "मॅडम, एक शब्द पायजे. निघताना मला त्यांना सांगायचंय, पोरीला सांभाळा म्हणून. तुमच्या तोंडून नको. माझ्या तोंडून."

मी म्हटलं, "कुइदेमेला."

"एवढंच?"

"त्यात सगळं आहे. 'कुइदे' म्हणजे सांभाळा. 'ला' म्हणजे तिला. आणि मधला 'मे' म्हणजे माझ्यासाठी. तो नसला तरी चालतं, पण आईबाप तो घालतात."

त्यांनी तो शब्द पाच-सहा वेळा म्हणून घेतला.

स्टेशनवर मी गेले होते. सामान चढलं, अव्वांनी डबे दिले, राजश्रीने वाकून नमस्कार केला. अप्पा डब्याच्या दाराशी गेले. टोपी नीट केली, पिलारबाईंपुढे हात जोडले आणि स्पष्ट, एकेक अक्षर जागच्या जागी ठेवत म्हणाले, "कुइदेमेला."

पिलारबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी अप्पांचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाल्या, "देस्कुइदे."

गाडी हलली. अप्पा माझ्याकडे वळले, चेहरा उतरलेला. ट्रकात माल भरायचा तो 'कार्गार' आणि उतरवायचा तो 'देस्कार्गार', हे आडतवाल्याला मी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं.

"मॅडम, पुढं 'देस' लावलं की उलटं होतं न्हवं? न्हाई सांभाळणार म्हणाल्या का?"

"नाही हो अप्पा. तसंच म्हणतात तिकडे. म्हणाल्या, तुम्ही आता काळजी सोडा."

"अस्सं." त्यांनी मान डोलावली. शेवटचा डबा फलाटाबाहेर जाईपर्यंत ते त्या दिशेने बघत उभे होते. अव्वा त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

मग अप्पा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पण काळजी सुटंल का, मॅडम?"

हा प्रश्न स्पॅनिशमध्ये कसा विचारायचा ते मी त्यांना लगेच सांगू शकले असते. त्यांनी ते विचारलं नव्हतं.